चार्जर मुंबईत, राख दुर्गापुरात : बॅटरीचे नवे तंत्रज्ञान आणि आपले दोन जिल्हे

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रापासून एक वाहिनी निघते आणि साडेसातशे किलोमीटर दूर, ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याला जाऊन उतरते. ५०० किलोव्होल्टची ही एचव्हीडीसी वाहिनी १९९९ मध्ये सुरू झाली. १५०० मेगावॅट वीज ती एकटी वाहून नेऊ शकते. कोळसा आपला, इरई धरणाचे पाणी आपले, राख आपल्याकडे, आणि वीज मुंबईच्या वेशीवर. आज तिथल्या एखाद्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये हिरव्या नंबर प्लेटची गाडी रात्रभर चार्जिंगला लावली जाते तेव्हा तिच्या मालकाला वाटते की आपण धूर सोडत नाही. ते खरेही आहे. त्याच्या गल्लीत धूर नाही.

या गाड्यांवर आता आपल्या तरुणांतही चर्चा सुरू झाली आहे. कोणी ई-रिक्षा घ्यायच्या विचारात आहे, कोणी आयटीआय करून बॅटरीच्या कामात शिरू पाहतो, तर गडचिरोलीतल्या काही कार्यकर्त्यांच्या तोंडी वेगळाच प्रश्न आहे: सूरजागडचे लोखंड या बॅटऱ्यांसाठीच लागते म्हणतात, ते खरे का? बॅटरीच्या तंत्रात गेल्या काही वर्षांत नेमके काय बदलले आणि त्याचा चंद्रपूर-गडचिरोलीशी काय संबंध, हे आम्ही इथे जमेल तितक्या सोप्या भाषेत मांडतो आहोत. यात थोडे रसायनशास्त्र आहे. घाबरू नका, दहावीच्या विज्ञानाच्या पुढचे फार काही नाही.

बॅटरीच्या पोटात काय असते

लिथियम-आयन बॅटरीच्या प्रत्येक सेलमध्ये दोन बाजू असतात. एका बाजूला ग्रॅफाइट, म्हणजे पेन्सिलच्या शिशातले कार्बन, पातळ थरांच्या रूपात. दुसऱ्या बाजूला धातूचे एखादे संयुग. मध्ये द्रव आणि एक सच्छिद्र पडदा. चार्ज करताना लिथियमचे आयन संयुगातून निघून ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. गाडी चालू लागली की ते परत आपल्या जागी येतात, आणि त्यांचे इलेक्ट्रॉन मात्र पडद्यातून जाऊ शकत नसल्यामुळे बाहेरच्या तारेतून, मोटर फिरवत जातात. एवढाच खेळ. १९९१ मध्ये सोनी कंपनीने ही बॅटरी प्रथम बाजारात आणली आणि २०१९ मध्ये तिच्या शोधासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनले व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते.

खरा फरक पडतो तो त्या दुसऱ्या बाजूच्या संयुगाने. सुरुवातीच्या बहुतेक मोटारींत निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट यांचे मिश्रण असे. त्याला एनएमसी म्हणतात. कमी वजनात जास्त वीज साठवणे हा त्याचा गुण. पण कोबाल्ट महाग, आणि जगातला बहुतांश कोबाल्ट आफ्रिकेतल्या काँगोमधून येतो. तिथल्या हाताने खोदायच्या खाणींत लहान मुले राबतात, हे आंतरराष्ट्रीय संस्थांनी वारंवार समोर आणले आहे. म्हणजे युरोपातली स्वच्छ गाडी आणि काँगोतले मातीने माखलेले पोर एकाच साखळीची दोन टोके. कार्यकारणाची साखळी मागे मागे शोधत जाण्याची सवय बुद्धाने आपल्याला लावली आहे. ती विपश्यनेच्या आसनावर जशी कामी येते तशी गाडीच्या शोरूममध्येही यावी.

दुसरे संयुग गुडइनफ यांच्याच टेक्सासच्या प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात सापडले: लिथियम, लोखंड आणि फॉस्फेट. एलएफपी. यात कोबाल्ट नाही, निकेल नाही. बरीच वर्षे त्याला कोणी विचारत नव्हते, कारण त्याच वजनात वीज कमी मावते. चिनी कंपन्यांनी मात्र चिकाटीने त्याच्यावर काम केले. बीवायडीने २०२० मध्ये लांब पात्यासारख्या सेलची 'ब्लेड' बॅटरी आणली. मधले डबे-खोके काढून टाकून सेल थेट पॅकमध्ये बसवले, म्हणजे जागा वाचली आणि कमी वजनाचा प्रश्न बराचसा मिटला. आपल्याकडे टाटाची पुण्याजवळ बनणारी नेक्सॉन ईव्ही २०२० पासून एलएफपीवरच धावते. चाकणमध्ये बनणाऱ्या महिंद्राच्या नव्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई याही एलएफपीच्या, ५९ आणि ७९ युनिटच्या पॅकसह. (किलोवॅट-तास हा शब्द जड वाटत असेल तर सोडून द्या. वीजबिलातले युनिट तेच.)

किमतीही कोसळल्या. ब्लूमबर्गच्या ऊर्जा विभागाच्या पाहणीनुसार २०१० मध्ये एका युनिटच्या बॅटरीला हजार डॉलरहून जास्त मोजावे लागत. २०२४ मध्ये ती सरासरी ११५ डॉलरवर आली. गाडीच्या किमतीतला सर्वांत मोठा वाटा बॅटरीचा असतो, म्हणून ही एकच घसरण बाकी सगळ्या शोधांपेक्षा मोठी मानली पाहिजे.

सूरजागडचे लोखंड आणि बॅटरीतले लोखंड

आता गडचिरोलीचा प्रश्न. एलएफपीत लोखंड आहे म्हणून सूरजागडच्या खाणी देशाच्या हरित भविष्यासाठी आवश्यक आहेत, असा युक्तिवाद कुठे ऐकू आला तर पाटी-पेन्सिल घेऊन बसावे. आम्ही बसलो.

एका युनिटच्या बॅटरीला एलएफपी पूड लागते सव्वादोन किलोच्या आत. त्या पुडीत वजनाने लोखंड सुमारे ३५ टक्के आणि लिथियम साडेचार टक्क्यांहून थोडे कमी. म्हणजे ५० युनिटच्या, चांगल्या मोठ्या गाडीच्या बॅटरीत लोखंड ३५ ते ४० किलो आणि लिथियम पाच किलोच्या आसपास. एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडच्या डोंगरावर लॉइड्स मेटल्सचा ३४८ हेक्टरचा खाणपट्टा २००७ पासून आहे, आणि २०२३ मध्ये तिथून वर्षाला १ कोटी टन खनिज काढण्याची पर्यावरण मंजुरी मिळाली. खनिजात ६० टक्के लोखंड धरले तर ६० लाख टन. त्याला ४० किलोने भागा. पंधरा कोटी गाड्या! साऱ्या जगात वर्षाकाठी विकल्या जाणाऱ्या मोटारी नऊ-साडेनऊ कोटींच्या पुढे जात नाहीत. म्हणजे पृथ्वीवरची प्रत्येक नवी गाडी एलएफपीवर चालवायची ठरवली तरी या एका डोंगराचे वर्षभराचे लोखंड दीड वर्षाहून अधिक पुरेल.

शिवाय बॅटरीसाठी कच्चे खनिज लागतच नाही. लागतात लोखंडाची शुद्ध क्षारे, आणि ती मोठ्या प्रमाणात दुसऱ्या कारखान्यांतून जोड-उत्पादन म्हणून मिळतात. सूरजागडचे खनिज पोलादासाठी आहे. कोनसरीचा कारखानाही त्याच साखळीतला. पोलाद लागतेच, गाडीच्या सांगाड्याला लागते, पुलाला लागते, विहाराच्या स्लॅबलाही लागते. तेव्हा खाण हवी की नको, किती हवी, कोणाच्या संमतीने हवी, यावर जरूर बोलावे. पण त्या चर्चेत बॅटरीला साक्षीला बोलावू नये. माडिया आदिवासींसाठी तो ठाकूरदेवाचा डोंगर आहे आणि परिसरातल्या ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले आहेत. पेसा आणि वनहक्क कायदा ग्रामसभेला जे अधिकार देतात त्यांचे काय झाले, हा तिथला मूळ प्रश्न. आपल्या चळवळीने तो आदिवासी बांधवांच्या बरोबरीने विचारला पाहिजे.

लोखंडाच्या आशेने आपल्या भागाकडे पाहणे काही नवे नाही. १८८२ मध्ये इंग्रज सरकारने फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाकडून चांदा जिल्ह्यातल्या लोहखनिजावर अहवाल करवला होता. त्याने लोहाऱ्याच्या खनिजाची वाखाणणी केली. जमशेदजी टाटांच्या डोक्यात पोलाद कारखान्याचे बी तिथूनच पडले. पण जवळचा वरोऱ्याचा कोळसा भट्टीला चालला नाही, आणि कारखाना गेला साकचीला, आजच्या जमशेदपूरला. आपल्याकडे उरला कोळसा.

४६ अंशांतली बॅटरी

चंद्रपूर, ब्रह्मपुरी ही नावे मे महिन्यात देशभरच्या बातम्यांत असतात. पारा ४६-४७ ला जातो. बॅटरीसाठी उष्णता म्हणजे लवकर म्हातारपण. आतली नको ती रासायनिक क्रिया तापमानाबरोबर वेगाने वाढते. ढोबळ हिशेब असा की दर दहा अंशांना तिचा वेग दुपटीच्या आसपास जातो. पुण्यात आठ वर्षे टिकणारी बॅटरी आपल्याकडे तितकीच टिकेल असे गृहीत धरू नये.

इथे एलएफपी खरोखर उपयोगी पडते. तिच्यातला ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट बांधलेला असतो. एनएमसी सेल २१० अंशांच्या आसपास ताबा सोडून स्वतःच पेट घेऊ शकतो. एलएफपीला त्यासाठी २७० च्या आसपास जावे लागते, आणि तेव्हाही ती ऑक्सिजन सहज सोडत नसल्यामुळे आग तितकी भडकत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात ठिकठिकाणी ई-स्कूटर पेटल्या. त्यानंतर केंद्राने दुचाकी-तीनचाकींच्या बॅटरीसाठी एआयएस-१५६ हे मानक कडक केले. डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ते लागू झाले. जुनी, स्वस्तात मिळणारी गाडी घेताना ती या तारखांच्या आधीची की नंतरची, एवढे तरी पाहावे.

घेतली असेल तर वापरायचे शहाणपणही आहे. उन्हातून तापून आलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नये, तासभर सावलीत थंड होऊ द्यावी. मे महिन्यात रात्री चार्ज करावी. एनएमसी बॅटरी रोजच्या वापरात ८० टक्क्यांवर थांबवलेली बरी. एलएफपीचे उलट आहे: अधूनमधून पूर्ण १०० टक्के भरावी, कारण तिचा दाब बराच वेळ सारखाच राहतो आणि मधल्या पट्ट्यात बॅटरीत नेमके किती उरले याचा अंदाज बॅटरीतल्या नियंत्रकाला, म्हणजे बीएमएसला, नीट येत नाही. पूर्ण भरल्यावर त्याची मोजणी पुन्हा जाग्यावर येते. मीटर ३० टक्के दाखवतो आणि गाडी मध्येच बंद पडते, असे आलापल्लीच्या रस्त्यावर झाले तर दूरवर चार्जर नाही.

चार्जिंगच्या वेगाच्या बातम्याही तुम्ही वाचल्या असतील. बीवायडीने मार्च २०२५ मध्ये पाच मिनिटांत ४०० किलोमीटरची वीज भरणारा एक मेगावॅटचा चार्जर जाहीर केला. कौतुक वाटते. पण गावातल्या डीपीवर बहुधा ६३ किंवा १०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर असतो. असे दहा ट्रान्सफॉर्मर एकत्र केले तर एक चार्जर चालेल. ज्या फिडरवर कृषिपंप रात्री चालवायला शेतकरी जागा राहतो तिथे हा शोध पोहोचायला वेळ आहे. गडचिरोली ते सिरोंचा दोनशे किलोमीटरच्या आसपास, बराचसा रस्ता जंगलातून. या रस्त्याला दर ५०-६० किलोमीटरवर साधा, मध्यम वेगाचा, पण बंद न पडणारा चार्जर मिळाला तरी भरपूर झाले.

मीठ, बांबू आणि पुण्याची प्रयोगशाळा

लिथियम आपल्या राज्यात नाही. जम्मूतल्या रियासीत ५९ लाख टन खनिजसाठ्याचा प्राथमिक अंदाज भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर केला, पण अंदाज आणि खाण यांत फार अंतर असते. सेल आजही मुख्यतः चीनमधून येतात. म्हणून लिथियमच्या जागी सोडियम, म्हणजे मिठातला धातू, वापरता येईल का यावर जगभर काम चालू आहे. चीनच्या सीएटीएलने २०२१ मध्ये अशी बॅटरी दाखवली. आपल्याकडे पुण्याच्या केपीआयटी कंपनीने आयसर पुणे या संस्थेबरोबरच्या दीर्घ संशोधनानंतर डिसेंबर २०२३ मध्ये स्वतःचे सोडियम-आयन तंत्रज्ञान जाहीर केले. सोडियमचा आयन लिथियमपेक्षा मोठा आणि तिप्पट जड, त्यामुळे त्याच वजनात वीज कमी मावते. लांब पल्ल्याच्या मोटारीला ती कमी पडेल. रिक्षा, स्कूटर, आणि घरी किंवा गावात वीज साठवायला पुरेशी आहे. तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची पत्री चालते हाही फायदा.

आम्हाला यात आपल्या भागासाठी महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. सोडियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत नीट बसत नाहीत. त्यांना 'हार्ड कार्बन' नावाचा वेडावाकडा, पोकळ्यांचा कार्बन लागतो. आणि तो बनतो नारळाच्या करवंट्यांपासून, तांदळाच्या कोंड्यापासून, बांबूपासून: हवा न लागू देता खूप तापवून. बांबू! गडचिरोलीचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग जंगल आहे. कोंडा म्हणाल तर ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, देसाईगंज या पट्ट्यात राइस मिलच्या मागे त्याचे ढीग असतात.

लगेच हुरळून जायचे कारण नाही. आपल्या बांबूचा इतिहास काय सांगतो? अनेक दशके जंगलातला बांबू कागद कारखान्याला मातीमोल दराने गेला आणि तोडणाऱ्याच्या हातात मजुरीच पडली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, देशात सर्वांत आधी मिळालेल्या गावांपैकी ते एक. तरी स्वतःचा बांबू विकायचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडले, आणि त्यासाठी केंद्रीय पर्यावरण मंत्र्यांना गावात यावे लागले. हक्क कागदावर मिळाल्यावरही दोन वर्षे. आता उद्या बांबूच्या कार्बनला भाव आला तर पुन्हा कच्चा बांबू इथून जाईल आणि भट्टी दुसरीकडे पेटेल, की ग्रामसभांचे संघ आणि बचत गट मिळून निदान पहिली प्रक्रिया इथेच करतील? बॅटरीच्या दर्जाचा कार्बन बनवणे गावठी कोळसा पाडण्याइतके सोपे नाही. त्याला प्रयोगशाळा लागते, शुद्धता लागते. गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे, चंद्रपुरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. रसायनशास्त्रात एमएस्सी करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी प्रकल्पाचा विषय निवडताना हा विषय डोळ्यांसमोर ठेवावा.

सॉलिड-स्टेट बॅटरीबद्दलही विचारणा होते. द्रवाऐवजी घन पदार्थ वापरणारी ही बॅटरी हलकी आणि सुरक्षित असेल, पण ती स्वस्तात आणि मोठ्या प्रमाणात बनवणे अजून कोणाला जमलेले नाही. तिची वाट पाहत खरेदी लांबवू नये.

तीस किलो कोळशाचा हिशेब

पुन्हा पडघ्याच्या वाहिनीकडे येऊ. ४० युनिटची बॅटरी पूर्ण भरायला, चार्जरमधली गळती धरून, ४४ युनिट लागतात. एका युनिटला सुमारे ७०० ग्रॅम कोळसा. सगळी वीज कोळशाची धरली तर एका चार्जिंगला ३० किलो कोळसा जळतो आणि त्यातून दहा किलोच्या आसपास राख उरते. गाडी २७० किलोमीटर जाते. तेवढ्याच अंतराला पेट्रोलची गाडी १८ लिटर पिईल आणि ४१ किलो कार्बन डायऑक्साइड सोडेल. केवळ कोळशाच्या विजेवर ई-गाडीचा आकडा जवळपास तितकाच येतो. देशाच्या सरासरी विजेवर, ज्यात पाणी, वारा आणि सूर्यही आहे, तो ३२ किलोपर्यंत उतरतो. जसजशी सौर वीज वाढेल तसतसा आणखी उतरेल. पेट्रोलच्या गाडीचा उतरणार नाही. म्हणून ई-गाडी बरी, हे आमचे मत आहे.

पण हवामानाचा हिशेब एक आणि फुफ्फुसांचा दुसरा. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची प्रदूषण क्रमवारी लावली तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथे आले होते. गाड्यांचा धूर मुंबई-पुण्याच्या चौकातून उचलून दुर्गापूर, ऊर्जानगर, पद्मापूरच्या वस्त्यांवर आणून ठेवला जात असेल तर त्याला स्वच्छता म्हणण्याआधी त्या वस्त्यांत कोण राहते ते पाहावे. २९२० मेगावॅटच्या या केंद्राच्या आणि वेकोलिच्या खाणींच्या आजूबाजूला कंत्राटी कामगार, विस्थापित शेतकरी, आपला बौद्ध समाज आणि आदिवासी मोठ्या संख्येने आहेत.

विजेचा प्रश्न आपल्या चळवळीला परका नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेब मजूरमंत्री होते आणि वीज त्यांच्याच खात्यात होती. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीजविषयक धोरण समितीच्या बैठकीत अध्यक्ष म्हणून बोलताना त्यांनी वीज खासगी हाती असावी की सरकारच्या, ती स्वस्त आणि मुबलक कशी होईल, आणि मुळात ती कशासाठी हवी, असे प्रश्न मांडले. दारिद्र्याच्या फेऱ्यातून माणसे बाहेर काढायला उद्योग हवेत आणि उद्योगांना वीज, अशी त्यांची मांडणी होती. त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या इंग्रजी खंडमालेतल्या दहाव्या खंडात हे भाषण आहे, विहाराच्या ग्रंथालयात असेल तर काढून वाचा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी धनबादच्या कोळसा खाणीत उतरून मजुरांची स्थिती पाहिली, आणि पुढे १९४४ मध्ये कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी आला. वीज आणि ती काढणारा मजूर यांचा विचार त्यांनी वेगवेगळा केला नाही.

त्या नजरेने पाहिले तर बॅटरीचा सर्वांत मोठा उपयोग मोटारीत नाही. दिवसा सूर्याची वीज साठवून रात्री देणारी मोठी बॅटरी केंद्रे स्वस्त होत चालली आहेत, त्याच एलएफपी सेलमुळे. संध्याकाळची मागणी त्यातून भागू लागली की कोळशाचे जुने संच बंद करता येतील. चंद्रपुरात २१० मेगावॅटचे दोन जुने संच आधीच निघाले आहेत. मग त्या संचांवर पोट असलेल्या कंत्राटी कामगारांचे काय, त्यांना बॅटरी आणि सौर केंद्रांचे प्रशिक्षण कोण देणार, मोकळ्या झालेल्या जागेवर साठवण केंद्र उभारून इथल्याच मुलांना घेणार का, हे प्रश्न कामगार संघटनांनी आत्ताच लेखी विचारायला हवेत. संच बंद झाल्यावर विचारून उपयोग होत नाही.

ई-रिक्षावाल्यासाठी दोन शब्द

आपल्या तरुणांचा बॅटरीशी प्रत्यक्ष संबंध आज येतो तो ई-रिक्षातून. स्वस्त रिक्षात अजून शिसे-आम्लाच्या चार बॅटऱ्या असतात, शंभर किलोहून अधिक वजनाच्या. रोज पूर्ण उतरवल्या तर वर्ष-दीड वर्षात त्या बसतात. एलएफपीचा पॅक निम्म्याहून कमी वजनाचा आणि दोन-तीन हजार वेळा भरता येतो. सुरुवातीला महाग वाटतो, पण दर वर्षी नवा संच घ्यायचा हप्ता वहीत मांडून पाहिला की गणित फिरते. घेताना सेल कोणते, बीएमएस आहे का, हमी किती चार्जिंगची आणि लेखी आहे का, दुरुस्ती जिल्ह्यातच होते का, हे विचारावे. उत्तर टाळणाऱ्याकडून घेऊ नये. कर्जासाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या योजना पाहाव्यात. याच महामंडळाची महाप्रीत ही उपकंपनी २०२१ पासून सौर ऊर्जा आणि चार्जिंग स्टेशनच्या क्षेत्रात काम करते. आपल्या समाजाच्या नावाने उभ्या असलेल्या या कंपनीचे काम चंद्रपूर-गडचिरोलीत कुठे आणि किती आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारायला कार्यकर्त्यांना कोणी अडवलेले नाही.

जुन्या बॅटरीचे काय होते तेही बघा. भंगारात गेलेली शिसे-आम्लाची बॅटरी अनेकदा उघड्यावर फोडली जाते आणि शिसे वितळवले जाते. त्या धुराने लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते, आणि हे काम कोणत्या जातींच्या वाट्याला येते ते सांगायला नको. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. विक्रेत्याकडे तसा आग्रह धरावा. एलएफपीत शिसे नाही, पण महाग धातूही नाहीत, म्हणून तिला भंगारात भाव कमी आणि नाल्यात फेकली जाण्याची भीती जास्त.

खरे तर गाडीसाठी निवृत्त झालेल्या बॅटरीत ७०-८० टक्के दम शिल्लक असतो. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, वीज जाते ती दिवसेंदिवस येत नाही. तिथल्या आरोग्य केंद्रातला लसींचा फ्रीज, मोबाइल टॉवर, आश्रमशाळेतले दिवे या बॅटऱ्यांवर आणि छतावरच्या सौर पाट्यांवर चालू शकतात. मोटारीपेक्षा या उपयोगाची मागणी आपण आधी करावी.

आणि एक छोटा प्रयोग. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. दरवर्षी १५-१६ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, आणि मागे कुठेतरी डिझेलचा जनरेटर धडधडत असतो. एका स्टॉलला दहा वॅटचे चार एलईडी दिवे आणि पन्नास वॅटचा पंखा लागतो: ९० वॅट. आठ तासांचे ७२० वॅट-तास, म्हणजे पाऊण युनिटहूनही कमी. एक युनिटची एलएफपी पेटी, दहा-बारा किलोची, एवढे सहज भागवते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाच्याही घरी साध्या सॉकेटवर भरता येते. आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या चार-पाच मुलांनी मिळून बीएमएस आणि फ्यूज नीट बसवून अशा दोन पेट्या तयार केल्या, तर यंदा दोन स्टॉल तरी जनरेटरविना चालतील. ज्यांना करायचे आहे त्यांनी जूनपासूनच लागावे, सेल मागवायलाच महिना जातो.